अझिथ्रोने घसा बरा होईना, आता अजून स्ट्राँग काय द्यायचं?

पत्र:

नमस्कार मॅडम, आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, थोडा ऊस आहे, मिस्टर कारखान्यात नोकरीला आहेत. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. जूनपासून तिचा घसा चौथ्यांदा धरलाय, ताप, गिळता येत नाही, जबड्याखाली गाठी. माझे दीर गावातच मेडिकल चालवतात, त्यामुळे दर वेळी त्यांच्याकडून अझिथ्रोच्या तीन गोळ्या आणायच्या आणि दोन-तीन दिवसांत ती खेळायला लागायची. या वेळी तीन गोळ्या संपल्या तरी ताप उतरला नाही म्हणून सांगलीला मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी घशाचा स्वॅब घेतला. रिपोर्टात स्ट्रेप्टोकोकस पायोजेन्स आलाय. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन तिन्हींपुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही, खाली डी-टेस्ट पॉझिटिव्ह, आणि पेनिसिलीनपुढे एस, म्हणजे लागू पडतं. डॉक्टरांनी साधं अमॉक्सिसिलीन लिहिलंय, दहा दिवस. दीर म्हणतात अमॉक्स आता कोण देतं, क्लॅव असलेलं तरी घ्या नाहीतर मी सेफिक्झिम देतो. सासूबाई म्हणतात टॉन्सिलच काढून टाका. मला झोप नाही. एवढ्या लहान वयात माझ्या मुलीला रेझिस्टन्स आला का? उद्या काही मोठं झालं तर औषधच लागू पडणार नाही का? वर्गातली अजून दोघं आजारी आहेत, आमच्या भागातच हा जंतू पसरलाय का? आणि दिरांना काय सांगू, अडीअडचणीला तेच धावून येतात. – एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आल्या आल्या मी मेलवर एवढंच कळवलं होतं की डॉक्टरांनी लिहिलेलं अमॉक्सिसिलीन आजच सुरू करा, घरात एकमत व्हायची वाट बघू नका, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी सुरू केलंत हे वाचून खूप बरं वाटलं. आता बाकीचं सावकाश लिहिते, कारण तुमच्या पत्रातले प्रश्न एका घरापुरते नाहीयेत, आत्ता महाराष्ट्रात कितीतरी घरांत हेच चाललंय, फक्त त्यांनी स्वॅब केलेला नाही म्हणून त्यांना कळलेलं नाही.

सगळ्यात आधी तुमच्या झोपेचं. रेझिस्टन्स तुमच्या मुलीला आलेला नाही. तिच्या शरीराला काहीही झालेलं नाही, तिचं रक्त, तिची ताकद, तिची औषध पचवायची क्षमता सगळं होतं तसंच आहे. रेझिस्टंट आहे तो जंतू, जो आत्ता तिच्या घशात आहे आणि दहा दिवसांनी नसेल. तुमच्याकडे ऊस आहे म्हणून सांगते, एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारत राहिलं की त्याने न मरणारं तण रानात माजतं, पण त्यात त्या जमिनीत काही बिघाड झालेला नसतो, दुसरा उपाय केला की तेच रान साफ होतं. उद्या तिला काही मोठं झालं तर औषध लागू पडेल का, तर हो, पडेल. या रिपोर्टातला आर हा फक्त या एका जंतूचा आणि फक्त एकाच जागी काम करणाऱ्या औषधांच्या एका गटाचा आहे.

आता तो रिपोर्ट नीट वाचू, कारण त्यात घाबरण्यापेक्षा धीर देणारं जास्त आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, मॅक्रोलाइड म्हणतात त्यांना. जंतूला जगायला प्रोटीन लागतं आणि ते तयार करणारी त्याच्या पेशीतली जी रचना असते, रायबोसोम, तिला ही औषधं चिकटतात आणि काम बंद पाडतात. काही स्ट्रेप्टोकोकसकडे ईआरएम नावाचे जीन असतात, ते रायबोसोमवरची नेमकी औषध चिकटायची जागाच बदलून टाकतात, मग औषध कितीही दिलं तरी चिकटायलाच जागा नाही. क्लिंडामायसिन हे वेगळ्या घराण्यातलं औषध असूनही त्याच जागेवर चिकटतं म्हणून तेही जातं. दुसऱ्या काही जंतूंकडे एमईएफ नावाचा जीन असतो, तो आत आलेलं मॅक्रोलाइड बाहेर फेकत राहतो, त्यांच्यावर क्लिंडामायसिन चालतं. हे दोन प्रकार ओळखायला लॅबमध्ये एरिथ्रोमायसिनची आणि क्लिंडामायसिनची चकती प्लेटवर शेजारी शेजारी ठेवतात, आणि क्लिंडामायसिनभोवतीचं स्वच्छ वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट झालं, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखं दिसलं, की डी-टेस्ट पॉझिटिव्ह. तुमच्या मुलीचा जंतू पहिल्या प्रकारचा आहे. घशाचा स्वॅब पाठवणारे डॉक्टर आणि त्यावर डी-टेस्ट करून देणारी लॅब, दोन्ही तुम्हाला चांगले मिळालेत. मी स्वतः लॅबमधली बाई आहे, त्यामुळे हे जरा जास्तच कौतुकाने लिहितेय, पण खरं आहे.

आणि पेनिसिलीनपुढचा तो एस. हा जो जंतू आहे ना, स्ट्रेप्टोकोकस पायोजेन्स, ज्याला ग्रुप ए स्ट्रेप म्हणतात, याच्यावर पेनिसिलीन ऐंशी वर्षं वापरून झालं आणि आजपर्यंत जगात कुठेही याचा पेनिसिलीनला पूर्ण दाद न देणारा नमुना पेशंटमध्ये सापडलेला नाही. जंतूंच्या जगात हे फार दुर्मिळ आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या दोन नमुन्यांत एक बदल सापडल्याचं प्रसिद्ध झालं, त्यात अमॉक्सिसिलीनच्या कुटुंबाचा परिणाम थोडा कमी झाला होता, तरीही औषध लागू पडण्याइतकं होतंच, पण तेवढ्यावरून सुद्धा आमच्या क्षेत्रातली माणसं सावध झाली, कारण हे एकच औषध गेलं तर मागे फार काही उरत नाही. तेव्हा दीर ज्याला आता कोण देतं म्हणतात ते या जंतूवरचं आजही सगळ्यात खात्रीचं औषध आहे. जुनं, स्वस्त, साधं आणि या कामासाठी सगळ्यात स्ट्राँग. आपल्याकडे स्ट्राँग म्हणजे महाग, नवीन, स्ट्रिपवर मोठा आकडा असलेलं असं डोक्यात बसलंय, पण जंतूला किंमत कळत नाही हो, त्याला आपलं मर्मस्थान कुठलं औषध गाठतं तेवढंच कळतं, आणि याचं मर्मस्थान पेनिसिलीन आहे. अमॉक्सिसिलीन हे त्याच्याच घरातलं, चवीला बरं आणि पोटातून चांगलं शोषलं जाणारं, म्हणून मुलांना ते देतात.

दिरांनी सुचवलेल्या क्लॅवचं सांगते. क्लॅव्हुलॅनिक अॅसिड हे अशा जंतूंसाठी असतं जे पेनिसिलीन तोडणारं एन्झाइम बनवतात. हा जंतू ते एन्झाइम बनवतच नाही. म्हणजे तुम्ही जास्त पैसे द्यायचे, मुलीला जुलाब व्हायची शक्यता वाढवायची, आणि घशातल्या जंतूवर परिणाम तेवढाच. सेफिक्झिम या जंतूवर चालतं, चालत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याचा मारा पोटातल्या इतर जंतूंवरही होतो, आणि पुढे लघवीच्या इन्फेक्शनला वगैरे जी औषधं हाताशी हवीत तीच आपण घशासाठी झिजवतो. शिवाय सेफिक्झिम एच१ यादीतलं आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायचं नाही आणि विकलं तर दुकानाच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं असा नियम २०१४ पासून लागू आहे, हे दिरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

दहा दिवस का, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्या मनात येणारच, कारण तोवर ती उड्या मारत असेल. हल्ली बऱ्याच आजारांत कमी दिवसांचा कोर्स पुरतो असं दिसून येतंय आणि ते चांगलंच आहे, पण आपल्या भागात आणि या वयात हा घसा त्याला अपवाद आहे, आणि कारण घसा नाहीये, कारण हृदय आहे. स्ट्रेपचा घसा बरा झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे एकामागून एक सुजतात, आणि त्याच धुमाळीत हृदयाच्या झडपांना सूज येऊन त्या कायमच्या खराब होऊ शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे जास्त, आणि भारत हा या आजाराचा सगळ्यात मोठा भार असलेल्या देशांपैकी एक. सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत विशी-तिशीतल्या बायका धाप लागते म्हणून येतात, पहिल्या बाळंतपणात व्हॉल्व्ह खराब असल्याचं कळतं, आणि लहानपणी घसा खूप धरायचा का विचारलं तर आठवतही नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगच्या एका लष्करी तळावर घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलीन देऊन पहिल्यांदा दाखवलं गेलं की घशातला स्ट्रेप नीट काढला तर संधिवाताचा ताप टळतो. हृदय वाचवण्याचा हा पुरावा पेनिसिलीनचा आहे. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत जरी पेनिसिलीन सुरू झालं तरी हे संरक्षण मिळतं, त्यामुळे स्वॅबचा रिपोर्ट यायची दोन-तीन दिवस वाट बघितली म्हणून काही बिघडलं नाही, आणि तुम्ही वेळेत आहात. दहा दिवस गोळ्या होणार नाहीत अशी भीती असेल तर डॉक्टरांना बेंझाथीन पेनिसिलीनच्या एका इंजेक्शनबद्दल विचारा, एकच टोचणी आणि काम झालं, पण दुखतं खूप, सगळीकडे मिळत नाही, आणि रिअॅक्शनच्या भीतीने बरेच डॉक्टर द्यायला बिचकतात. गंभीर रिअॅक्शन खरोखर फार विरळ असते, तरी भीती खोटी आहे असं नाही, ते द्यायचं तर जिथे रिअॅक्शन सांभाळायची तयारी आहे अशाच ठिकाणी. आधी कधी पेनिसिलीनने अंगावर गांधी उठल्या, धाप लागली असं काही झालं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, तसं असेल तर औषध रिपोर्ट बघून वेगळं ठरवावं लागतं.

तुम्ही लिहिलंय की आधीच्या तिन्ही वेळा अझिथ्रोने दोन-तीन दिवसांत बरं वाटलं. मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे, आणि फक्त तुमचा नाही, अख्ख्या राज्याचा. मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी साधारण तीनातला एक किंवा त्याहूनही कमी स्ट्रेपचे असतात, बाकी व्हायरसचे, ज्यांच्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही आणि जे तसेही चार-पाच दिवसांत जातात. आणि स्ट्रेपचा घसा सुद्धा काही न देता तीन ते पाच दिवसांत बरा वाटायला लागतो. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी गोळी सुरू केली आणि चौथ्या दिवशी पोरगी खेळायला लागली, तर ती गोळीने लागली का आपोआप लागली हे कोणालाच सांगता येत नाही, पण श्रेय मात्र गोळीला जातं, दुकानदाराचा विश्वास वाढतो, आईचा वाढतो, शेजारणीला सांगितलं जातं. आणि जंतू रेझिस्टंट असेल तर लक्षणं गेली तरी तो घशात बसलेलाच राहतो, म्हणजे ज्या कारणासाठी औषध द्यायचं ते हृदयाचं कारण तसंच राहतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, की बरं वाटणं आणि बरं होणं यातला फरक या आजारात डोळ्यांना दिसत नाही.

अझिथ्रोचं अजून एक आहे, ते औषध शरीरात खूप रेंगाळतं. अर्धं बाहेर पडायलाच त्याला साधारण तीन दिवस लागतात, म्हणून तर तीन गोळ्यांत कोर्स होतो आणि म्हणून तर ते सगळ्यांना आवडतं. पण गोळ्या संपल्यावर कितीतरी दिवस ते थोड्या थोड्या प्रमाणात अंगात असतं, मारायला पुरेसं नाही पण कमजोर जंतूंना बाजूला करून टिकाऊ जंतूंना जागा करून द्यायला पुरेसं. बेल्जियममध्ये दोनशेच्या वर निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला होता, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, काहींना अझिथ्रो, काहींना क्लॅरिथ्रो आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली आणि घशातले रोजचे निरुपद्रवी स्ट्रेप्टोकोकस तपासत राहिले. औषध घेतलेल्यांच्या घशात काही दिवसांतच रेझिस्टंट जंतूंचं प्रमाण एकदम पन्नास टक्के अंकांनी वाढलं, आणि सहा महिन्यांनंतर सुद्धा ते पूर्ववत झालेलं नव्हतं. ही माणसं आजारी नव्हती, लक्षात घ्या. एका छोट्या कोर्सने निरोगी घशात एवढा बदल होतो. त्या निरुपद्रवी जंतूंकडून हे जीन पुढे त्रास देणाऱ्या जंतूंकडे जाऊ शकतात.

मग तुमच्या मुलीच्या घशातला जंतू तिच्या तीन कोर्समुळेच असा झाला का? मला नाही वाटत, आणि स्वतःला दोष देणं तर अजिबात नको. जास्त शक्यता ही आहे की तो तयार होऊनच आला, वर्गातून. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये एका शाळेतल्या मुलांचे घसे शास्त्रज्ञ काही वर्षं सलग तपासत होते, आधी तिथे मॅक्रोलाइडला दाद न देणारा स्ट्रेप सापडत नव्हता आणि २०००-०१ च्या शालेय वर्षात एकदम जवळजवळ निम्मे नमुने रेझिस्टंट निघाले. तपासलं तर ते सगळे एकाच वंशाचे, एकाच जंतूची पिलावळ, मुलांच्या खोकण्या-शिंकण्यातून, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलेली. शाळेबाहेर शहरात बघितलं तर तिथेही तोच. म्हणजे ज्या पोराने आयुष्यात अझिथ्रो घेतलं नाही त्यालाही रेझिस्टंट स्ट्रेप होऊ शकतो, शेजारच्या गल्लीत जे खपतं त्याची किंमत तो भरतो. तुमच्या मुलीच्या वर्गातल्या त्या दोघांच्या आयांना सांगा की अझिथ्रो न देता डॉक्टरांना दाखवा आणि हा रिपोर्ट सोबत न्या, खरंच न्या, फोटो काढून पाठवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल. बाईंनाही सांगून ठेवा. औषध सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप नसेल तर मुलीला शाळेत पाठवायला हरकत नाही. घरात मात्र कोणाला काही होत नसेल तर उगाच सगळ्यांनी गोळ्या घेऊ नका, निरोगी मुलांच्या घशात सुद्धा दहातल्या एकाच्या आसपास स्ट्रेप नुसता बसलेला असतो, त्याला औषध लागत नाही.

एका रिपोर्टावरून अख्ख्या तालुक्याचं चित्र काढता येत नाही, त्याला शेकडो स्वॅब लागतात. पण भाग किंवा देश कुठे जाऊन पोचू शकतो हे दिसलेलं आहे. चीनमध्ये मुलांच्या घशातल्या या जंतूच्या बहुतेक पाहण्यांत मॅक्रोलाइड रेझिस्टन्स ९० टक्क्यांच्या वर गेलाय, म्हणजे तिथे घशाला अझिथ्रो देणं आणि न देणं सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये काळजीच्या जंतूंची जी यादी नव्याने काढली तिच्यात मॅक्रोलाइडला दाद न देणारा ग्रुप ए स्ट्रेप पहिल्यांदा आला. आणि आपल्याकडे काय खपतं बघा, २०१९ सालच्या खासगी विक्रीच्या आकड्यांवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात देशात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक होतं अझिथ्रोमायसिनची ५०० ची गोळी आणि दुसऱ्या नंबरला सेफिक्झिम २००. म्हणजे तुमच्या दिरांच्या हाताशी असलेली ती दोनच औषधं! हे कोविडच्या आधीचं. कोविडमध्ये तर घरोघरी अझिथ्रो गेलं, आणि नंतर मोठ्या चाचण्यांत दिसलं की कोविडवर त्याचा फायदा नव्हता, पण तोवर घशांवर व्हायचा तो परिणाम झालेला होता.

आता चांगली गोष्ट, जी मला प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर लावावीशी वाटते. फिनलंडमध्ये १९९० च्या आसपास अगदी हेच झालं होतं. तिथे एरिथ्रोमायसिनचा वापर वाढत गेला आणि या जंतूचा रेझिस्टन्स १९९० मध्ये १३ टक्क्यांवर पोचला, ज्या भागात खप जास्त तिथे रेझिस्टन्स जास्त असंही दिसलं. मग १९९१ च्या शेवटी देशभर सांगितलं गेलं की घशासाठी, त्वचेच्या इन्फेक्शनसाठी बाहेरच्या पेशंटना ही औषधं पहिल्यांदा देऊ नका. डॉक्टरांनी ऐकलं. दर हजार माणसांमागे रोज २.४० डोस जात होते ते एका वर्षात १.३८ वर आले. रेझिस्टन्स लगेच उतरला नाही, १९९२ मध्ये उलट १६.५ टक्के होता, पण धीर धरला आणि १९९६ मध्ये तो ८.६ टक्के झाला, म्हणजे जवळपास निम्मा. कुठलंही नवीन औषध शोधावं लागलं नाही. जपाननेही सत्तरच्या दशकात फार वर गेलेला रेझिस्टन्स वापर कमी झाल्यावर खाली येताना बघितलाय. एका प्रदेशातली माणसं काय गिळतात यावर त्या प्रदेशातल्या घशात कुठला जंतू राहतो हे ठरतं, आणि ते परत फिरवता येतं, हे अंदाज नाहीत, मोजलेलं आहे.

हे सगळं कोणी आधी सांगितलं नव्हतं असंही नाही. १९४५ मध्ये नोबेल घेताना अलेक्झांडर फ्लेमिंगने भाषणात एक काल्पनिक माणूस उभा केला होता, घसा दुखतोय म्हणून तो स्वतःच पेनिसिलीन विकत घेतो, पुरेसं घेत नाही, त्याच्या घशातला स्ट्रेप्टोकोकस मरत नाही पण शिकतो, मग त्याच्यापासून बायकोला इन्फेक्शन होतं आणि तिला औषध लागू पडत नाही. घसा, काउंटरवरची खरेदी, स्ट्रेप्टोकोकस, घरातलं दुसरं माणूस, सगळं तेव्हाच सांगून झालंय. घशातला स्ट्रेप आजवर पेनिसिलीनला शिकला नाही, त्याचा भाऊबंद न्यूमोकोकस, जो न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो, तो मात्र शिकला, १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिला असा नमुना नोंदला गेला आणि आता जगभर आहे. त्याची पीसीव्ही लस आपल्या सरकारी लसीकरणात आहे, घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल तर दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तिन्ही वेळा चुकवू देऊ नका. आणि आपल्या देशातला अँटिबायोटिक बनवणारा पहिला सरकारी कारखाना आपल्याच पिंपरीत, १९५४ चा, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पेनिसिलीन बनवण्यासाठीच उभा राहिला. ज्या राज्यात हे औषध बनायला लागलं तिथे ते जुनं म्हणून बाजूला पडतंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सासूबाईंच्या टॉन्सिलचं. एका वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच, किंवा सलग तीन वर्षं तीन-तीन असे ताप, गाठी, पांढरे ठिपके असलेले नीट नोंदवलेले अॅटॅक झाले तर ऑपरेशनचा विचार करतात. तुमच्याकडे चार आहेत आणि त्यातला एकच तपासलेला. आत्ता नको. एक साधी वही करा, तारीख, ताप किती, खोकला-सर्दी होती का, स्वॅब केला का, काय दिलं. सासूबाईंना सांगा की वही भरली तर डॉक्टरांना नक्की विचारू, त्यांची काळजी नातीचीच आहे, ती मोडीत काढू नका.

आणि दीर. त्यांच्यावर चिडू नका, पण गप्पही बसू नका. त्यांनी वाईट हेतूने काही दिलेलं नाही, घरची पोरगी आहे म्हणून धावत दिलंय, आणि दुकानात समोर उभा असलेला माणूस डॉक्टरची फी वाचवायला आलेला असतो, नाही म्हटलं तर चार दुकानं सोडून पाचवीकडे जातो, हे त्यांचं रोजचं आहे. चारचौघांत नको, घरी चहाला आले की रिपोर्ट त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, भाऊजी, तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त कळतं, जरा बघून सांगा ना. डी-टेस्ट बघितल्यावर ते स्वतःच विचार करायला लागतील, फार्मसी शिकलेला माणूस आहे. मग फिनलंडचं सांगा. स्ट्रिपवरची लाल रेघ, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायचं नाही हा नियम, त्यांच्या लायसनचा धोका, हे सगळं आहेच, आणि केरळात औषध प्रशासनाने २०२४ मध्ये बिनचिठ्ठीची अँटिबायोटिक विक्री पकडायची मोहीमच काढली होती, पण सुरुवात धाकाने केलीत तर बोलणं तिथेच संपेल.

त्यापेक्षा त्यांना करता येईल असं काम द्या. घसा दुखतोय म्हणून कोणी आलं की चार गोष्टी विचारायच्या: ताप आहे का, खोकला-सर्दी आहे का, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आहेत का, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरं दिसतंय का. खोकला आहे, नाक गळतंय, आवाज बसलाय तर बहुतेक व्हायरस, पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टर. ताप आहे, खोकला नाही, गाठी आहेत आणि पेशंट शाळेच्या वयाचा, तर गोळी न देता लगेच डॉक्टरकडे, जमलं तर स्वॅब. यात त्यांचं गिऱ्हाईक जात नाही, चिठ्ठी घेऊन ते परत त्यांच्याकडेच येणार आहे. आणि अमॉक्सिसिलीनचे दहा दिवसांचे डोस एकदम द्यावेत, पैसे कमी पडले म्हणून तीन दिवसांचे कापून देऊ नयेत. ते पटकन मान्य करणार नाहीत कदाचित, दोनदा बोलावं लागेल. पण तुमच्या तालुक्यात अझिथ्रो किती जाणार हे दवाखान्याइतकंच त्यांच्या काउंटरवर ठरतं, आणि तुमचं ते ऐकतील इतकं तुमचं नातं आहे.

मुलीचं शेवटचं. दहा दिवस झाल्यावर ती ठणठणीत असेल तर परत स्वॅब करायची गरज नाही. औषध चालू असताना तोंड उघडता येईना, लाळ गळायला लागली, मान एका बाजूला सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटल. त्यानंतरचा महिनाभर लक्ष ठेवा, सांधे एकामागून एक दुखणं-सुजणं, खेळताना धाप, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलणं, सकाळी डोळ्यांवर सूज किंवा चहासारखी लालसर लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि हा रिपोर्ट सोबत ठेवा.